नावाची नोंद : नाईक यशवंत घाडगे यांचे स्मरण

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत मराठीच्या अध्यापकाने एखाद्या ग्रंथकाराविषयी अथवा वाङ्मयप्रवाहाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मात्र मी एका शिपायाविषयी बोलणार आहे. त्याने ग्रंथ लिहिला नाही, भाषण केले नाही, आणि मृत्यूसमयी त्याचे वय तेवीसही पूर्ण नव्हते. परंतु त्याच्या स्मरणाचा प्रश्न हा शेवटी नोंदीचा आणि भाषेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो ग्रंथालयाचा प्रश्न आहे, असे मला वाटते. हे एवढेच माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र आहे.

बेळगावकरांना पलटण नवी नाही. कॅम्पातल्या रस्त्यावरून पहाटे धावणारे रंगरूट, कवायतीचे हुकूम आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा जयघोष यांची आपल्या कानाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली. १९२२च्या सुमारास लष्कराची फेररचना होऊन या पलटणींची 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट झाली आणि तिचे प्रशिक्षण बेळगावला होऊ लागले. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेली मुले या गावच्या मातीत शिपाई झाली आणि येथून जगभर गेली. त्यांतली कित्येक परत आली नाहीत. आपण त्यांना जाताना पाहिले. न परतलेल्यांची मोजदाद मात्र आपल्या गावाने कधी फारशी ठेवली नाही.

त्या न परतलेल्यांपैकी एकाचे नाव यशवंत घाडगे. वयाने तो आमच्या एम.ए.च्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांएवढाच होता, म्हणून मी त्याचा उल्लेख एकेरी करतो. त्यात अनादर नाही, घरच्या मुलाविषयीची जवळीक आहे.

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा. तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्याचे गाव. त्या वेळी कुलाबा काय आणि बेळगाव काय, दोन्ही जिल्हे एकाच मुंबई प्रांतात होते. कोकणातल्या पोराने घाट चढून पलटणीत यावे, ही त्या मुलखाची जुनी वहिवाट. चार महिने भाताची शेती आणि आठ महिने पोटाची चिंता असलेल्या गावांना दोनच वाटा ठाऊक होत्या. एक मुंबईच्या गिरणीकडे जाणारी आणि दुसरी भरतीच्या मैदानाकडे जाणारी. यशवंत दुसऱ्या वाटेने गेला. त्याची तिसरी पलटण १९४१ साली आफ्रिकेत, एरिट्रियामधील केरेनच्या डोंगरात लढली होती आणि नंतर दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत उतरली होती. १९४४ साली यशवंत या पलटणीत नाईक होता. नाईक म्हणजे आठ-दहा जवानांच्या सेक्शनचा म्होरक्या.

४ जून १९४४ रोजी रोम शहर दोस्त फौजांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे सरकू लागले, पण पळत नव्हते. प्रत्येक टेकडीवर मशीनगन रोवून, पाठलाग करणाऱ्यांचा वेळ आणि माणसे खर्ची पाडत ते मागे हटत होते. रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतातील माँतोने या टेकडीवरच्या गावाच्या परिसरात मराठ्यांची ही पलटण जुलैच्या आरंभी लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी जे घडले त्याची हकीकत सरकारी गॅझेटात नोंदलेली आहे. भक्कम बचाव असलेल्या एका शत्रूच्या ठाण्यावर एका कंपनीने हल्ला चढवला. यशवंतचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. सेक्शनमधला प्रत्येक जण मेला अथवा जायबंदी झाला. उभा राहिला तो एकटा यशवंत. सोबत यायला मागे कोणी उरलेले नाही, हे त्याला ठाऊक होते. तो तसाच मशीनगनवर धावून गेला. प्रथम हातबॉम्ब फेकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. २ नोव्हेंबर १९४४च्या लंडन गॅझेटात त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १९४५ साली व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून तो पदक घेण्यासाठी यशवंतची तरुण पत्नी उभी राहिली.

श्रोतेहो, हा प्रसंग मी मुद्दाम विशेषणे न लावता सांगितला. अशा प्रसंगी आपल्या भाषेला फार लवकर भरते येते. 'सिंहासारखा तुटून पडला', 'मरणाला कवटाळले', 'शत्रूची दाणादाण उडवली' ही वाक्ये इतक्या जणांविषयी वापरून झाली आहेत की त्यांतून कोणताही एक माणूस दिसत नाही. गॅझेटातल्या मॅगझिन बदलायला वेळ नसण्याच्या एका तपशिलातून मात्र तो दिसतो. दोन-तीन सेकंदांचा हिशेब करणारा, शिकलेले सगळे वापरून संपल्यावर हातात उरले ते वापरणारा एक तरुण डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या हातघाईत जे घडले ते भीषण होते, आणि दस्त्याखाली मेलेले ते दोघेही बहुधा त्याच्याच वयाचे, कोणाच्या तरी घरचे होते. शिपायाचे प्रामाणिक स्मरण करायचे तर ही भीषणता झाकून चालत नाही. ती झाकली की युद्ध सोपे वाटू लागते, आणि युद्ध सोपे वाटू लागले की पुढच्या यशवंतांना त्यात लोटणेही सोपे होते.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हे युद्ध कोणाचे होते? १९४२ साली 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. १९४३मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नान्न करून मेली. ज्या साताऱ्यातून पलटणींना जवान मिळत होते, त्याच साताऱ्यात पत्री सरकार इंग्रजी सत्तेला आव्हान देत होते. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतही हिंदी शिपाईच होते. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते १९२४चे अधिवेशन याच बेळगावात भरले होते. मग परक्या राजाच्या निशाणाखाली, परक्या देशात पडलेल्या शिपायाला आपण कोणत्या रकान्यात घालावे?

स्वातंत्र्यानंतर आपण या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, आपण गप्प बसलो. स्वातंत्र्यसैनिकांचा सन्मान झाला, तो व्हायलाच हवा होता. १९४७ नंतरच्या युद्धांतील जवानांचा सन्मान झाला, तोही रास्तच. या दोहोंच्या मध्ये सापडलेले हजारो शिपाई मात्र ना इकडचे झाले ना तिकडचे. इंग्रज निघून गेले आणि त्यांच्यासाठी लढलेला शिपाई मागे राहिला, थोडासा अवघडल्यासारखा.

माझे म्हणणे असे की, युद्ध कोणाचे होते हा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारायचा आहे. तो बावीस वर्षांच्या नाइकाच्या प्रेतापाशी जाऊन विचारण्यात न्याय नाही. युद्धात उतरण्याचा निर्णय हिंदुस्थानच्या प्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयने जाहीर केला होता. यशवंतला तर त्याहूनही कोणी विचारले नव्हते. त्याच्या वाट्याला निर्णयाचा एकच क्षण आला, तो माँतोनेच्या त्या उतारावर. भोवती त्याच्या हाताखालची पोरे पडली होती. त्या क्षणी त्याच्यासमोर साम्राज्य नसावे. ज्यांची जबाबदारी त्याच्यावर होती ती माणसे असावीत, एवढे आपण त्याच्या वयाकडे आणि हुद्द्याकडे पाहून समजू शकतो. तो ज्या सत्तेविरुद्ध लढला ती नाझी सत्ता होती, हेही इतिहासाने आपल्यापुढे ठेवले आहे. इटलीत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांपैकी ५,७८२ तेथेच राहिले. त्या मोहिमेत सहा भारतीय सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे मानकरी नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी साथीदारांना पाठीवरून आणून त्यांनी पराक्रम केला. यशवंत आणि नामदेव यांचा जन्म एकाच वर्षातला, एकाच महिन्यातला. नामदेवराव परत आले आणि १९८४पर्यंत जगले. गावकऱ्यांना, नातवंडांना त्यांना स्वतःच्या शब्दांत काही सांगता आले असेल. यशवंतला मात्र स्वतःचा शब्दच राहिला नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. यशवंतच्या अखेरच्या क्षणांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते इंग्रजीतल्या एका परिच्छेदातून. त्याच्या देहाला ज्ञात अशी कबर वा समाधी नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्याचे नाव कोरलेले आहे, तेही रोमन अक्षरांत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे सेन्सॉरच्या कचेरीत उघडली जात. त्यांतल्या निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर अधिकाऱ्यांसाठी केले जाई. ती भाषांतरे आज लंडनच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत, आणि त्यांत मराठीतून लिहिलेल्या पत्रांचेही उतारे आहेत. मूळ पत्रे घरी पोचली, कोणी तरी वाचून दाखवली, आणि बहुतेक चुलीत किंवा वाळवीच्या तोंडी गेली. म्हणजे आमच्या शिपायाचे मराठी बोल हरवले आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर तेवढे जपले गेले. भाषेच्या अभ्यासकाला यापरते लाजिरवाणे काय असावे?

आपल्याकडे शिपायाची नोंद ठेवण्याची परंपरा नव्हती असे नाही. या सीमाभागात खानापूरच्या रानापासून चिकोडीच्या माळापर्यंत गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई अथवा गाई वळवून नेणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही स्मृती टिको, असा त्याचा अर्थ. 'वीरगळ' हा शब्दच कन्नड 'वीरगल्लु'वरून मराठीत आला, त्यातला 'कल्लु' म्हणजे दगड. सीमेच्या दोन्ही बाजूंना मेलेल्या शिपायासाठी शब्द एकच आहे, हे या भागातल्या माणसाने विसरू नये. परंतु एक फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख कोरलेले आढळतात. कोणत्या राजाच्या काळात, कोणत्या झुंजीत, कोण पडला, हे त्यांतून कळते. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. त्यांवर वीर आहे, पण त्याचे नाव नाही. गावकरी त्याला शेंदूर फासतात, दिवाळीला पणती लावतात, पण तो कोणाचा कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

हीच सवय आपल्या लिखित वाङ्मयातही दिसते. १७६१च्या पानिपतची जी सांकेतिक बातमी पेशव्यांना पोचल्याचे परंपरा सांगते, तीत थोर माणसांची गणना मोती आणि मोहरांत झाली, आणि साध्या शिपायांचा हिशेब न मोजलेल्या चिल्लर नाण्यांत निघाला. बखरींत सरदारांची नावे येतात. 'लोक कामी आले' एवढ्यावर शिपायाची बोळवण होते. १९१६च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे शरण जाण्याची वेळ आलेल्या फौजेत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. उपासमार सोसून आणि नंतर तुर्कांच्या कैदेत जे खंगून मेले, त्यांची नावे आपल्यापैकी कितींनी ऐकली आहेत? ती नावे आपल्याच भागातल्या घरांची आहेत. कागल, गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील कितीतरी घरांत भिंतीवर जुन्या पगडीतला एक फोटो असतो. नातू सांगतो, 'आजोबांचे चुलते, लाम मध्ये गेले.' लाम म्हणजे त्या पिढीच्या तोंडचे महायुद्ध. कोणत्या लाममध्ये, कोणत्या देशात, कोणत्या साली, हे विचारले की तो गप्प होतो. आणखी एका पिढीने फोटोही उतरवला जाईल.

यशवंतच्या बाबतीत अलीकडे जे घडले ते याच संदर्भात पाहावे. माणगावात त्याचा पुतळा आहे. आणि २०२३च्या जुलै महिन्यात इटलीतल्या माँतोने गावाने, तेथील नगरपालिकेने आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून त्याचे स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो' अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. हे वाचताना मला आपल्या वीरगळावरचा सूर्य आठवला. ज्या शिल्पकारांनी आपले वीरगळ घडवले त्यांना इटली ठाऊक नव्हती, आणि माँतोनेच्या लोकांना वीरगळ ठाऊक नसणार. तरीही अकाली गेलेल्या तरुणासाठी दोघांनीही सूर्यालाच साक्षीला बोलावले. पण माँतोनेच्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, जी आमच्या गावांनी केली नव्हती. त्यांनी सूर्याबरोबर नावही लिहिले. ज्या गावात यशवंत जन्मला नाही, ज्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्यांनी एकोणऐंशी वर्षांनंतर एका परक्या शिपायाचे नाव शोधून कोरले.

मग आपल्या वाचनालयाने, आपल्या दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर, काय करावे? माझी सूचना साधी आहे, तिला फार पैसाही लागणार नाही. वाचनालयाने एक नोंदवही सुरू करावी. बेळगाव-निपाणी परिसरातल्या ज्या घरांतून कोणी युद्धात गेला आणि परतला नाही, त्या घरी जाऊन चार गोष्टी लिहून घ्याव्यात : नाव, गाव, पलटण, आणि जिथे व जेव्हा तो पडला ते ठिकाण व ती तारीख. कुठे जुने पत्र, फोटो, पेन्शनचा कागद असेल तर त्याची नक्कल घ्यावी आणि मूळ वस्तू घरीच ठेवावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगाखाली वाचून उतरून घ्यावी. घरच्यांना जे आठवते ते त्यांच्याच बोलीत लिहावे, त्याचे पुस्तकी मराठी करू नये. ज्या आईने मुलगा गमावला किंवा ज्या बाईने विशीत कुंकू पुसले, तिच्या आयुष्याचे पुढे काय झाले, हेही त्याच पानावर यावे. शिपाई रणात एकदा मरतो, पण ते मरण घरात अनेक वर्षे नांदते. हे आमच्या वीरगळांनी कधी कोरले नाही.

आणि एक विनंती. ही नोंदवही मराठी वाचनालयाची असली, तरी तीत नाव लिहिताना घरची भाषा विचारू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीत कन्नडभाषक जवानही आहेत, आणि खंदकात शेजारी पडलेल्याची मातृभाषा कोणी विचारत नाही. १९५६पासून या मुलखाने भाषेच्या प्रश्नापायी पुष्कळ सोसले आहे. आपला न्याय्य आग्रह आपण सोडावा असे मी म्हणत नाही. परंतु मृत्यूच्या नोंदीत तरी हा वाद येऊ नये. कन्नड घरातले नाव कन्नडमध्येही लिहावे आणि मराठीतही. 'वीरगळ' हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतला आहे. वीरगळावर नाव कोरण्याची रीतही त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

ग्रंथालय म्हणजे केवळ छापील पुस्तकांचे कपाट नव्हे. ज्यांना लिहिता आले नाही, किंवा लिहायला वेळच मिळाला नाही, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे हेही त्याचे काम आहे. शंभर वर्षांत या संस्थेने इतरांनी लिहिलेले पुष्कळ जपले. आता न लिहिले गेलेले लिहून घेण्याची वेळ आहे, कारण ज्यांना आठवते अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. नोंदवहीच्या पहिल्या पानावर काय लिहावे, असे कोणी विचारले तर मी एवढेच सुचवीन : नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव. तिसरी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, टायबरचे वरचे खोरे, इटली. वय बावीस. दुसरे पान मात्र आपल्या गावातल्या एखाद्या घरचे असावे, आणि ते कोणते, हे आपण सभासदांनी शोधायचे आहे.